कर्करोग गेला, मुंग्या राहिल्या
फरशीच्या फटीतही तगणाऱ्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन मिळतं आणि रक्ताच्या कर्करोगातून असंख्य मुलं त्याच्या मदतीने बरी झाली. पण पेशींची वाढ रोखताना हे औषध ज्या सूक्ष्म नलिका मोडतं, त्यांच्याच आधाराने मज्जातंतूंची आतली ने-आण चालते. सर्वांत लांब तंतू पायांचे, म्हणून बधिरपणा सहसा आधी तळव्यांत, मग हाताच्या बोटांत. पॅक्लिटॅक्सेल, सिसप्लॅटिन ही कर्करोगावरची औषधंही मज्जातंतूंना सोडत नाहीत. ऑक्झालिप्लॅटिन घेणाऱ्याला तर फ्रीजमधली बाटली धरवत नाही. वर या दोन्हींसारख्या प्लॅटिनमच्या औषधांचा बधिरपणाचा त्रास शेवटच्या सलाइननंतरही काही महिने वाढू शकतो, नेमका घरचे पेढे वाटत असतात तेव्हा. ‘आता सगळं छान ना?’ याला काय उत्तर द्यायचं? चप्पल पायातून निसटली हे चार पावलं गेल्यावर कळतं. ब्लाउजचे हूक लागत नाहीत. डोळे मिटून तोंडावर पाणी मारलं की तोल जातो, आणि बादलीतलं पाणी किती कढत आहे ते कोपराने बघावं लागतं. वेदनेवर ड्युलॉक्सेटीन या औषधाचा काहींना थोडाफार उपयोग होतो; गेलेली संवेदना परत आणणारी गोळी मात्र नाही. तोल सावरण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून जरूर शिकावेत. शेजाऱ्यांनी सुचवलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांपासून जरा जपून, कारण बी-६ अति झालं तर तेच मज्जातंतू बिघडवतं! मुंग्या सुरू होताच सांगितलं तर डॉक्टर मात्रा कमी करू शकतात. पण उपचारच थांबतील या धास्तीने पेशंट गप्प बसतो, आणि गर्दीच्या ओपीडीत त्याच्या तळव्यांची चौकशी करायला कुणाला सवड नसते.