कृश देहाचा भ्रम

"आमचा मुलगा अंगानें बारीक आहे, त्याला मधुमेहाचें भय कसलें?" असा प्रश्न पालकांच्या तोंडून वारंवार ऐकूं येतो. मधुमेह हा स्थूल व श्रीमंत माणसांचाच रोग होय, ही समजूत आपल्या घरोघरीं रुजलेली आहे. माझ्या मतें ती केवळ चुकीची नसून घातक आहे.

२०२१ सालीं जगांत सुमारें ५३ कोटी ७० लाख प्रौढ माणसें मधुमेहानें ग्रस्त होतीं, असा आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचा अंदाज आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीप्रमाणें एकट्या भारतांत ही संख्या १० कोटींहून अधिक भरते. हे सर्वच कांहीं धनिक नव्हत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्यानजीकच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या अपत्यांचा अभ्यास चालविला. त्यांत असें आढळलें कीं, तेथील नवजात बालकें इंग्लंडांतील बालकांपेक्षां वजनानें पुष्कळ कमी भरतात. परंतु त्यांच्या अंगीं स्नायु थोडे, व मेद त्या मानानें अधिक असतो. तेव्हां बारीक देह हें आरोग्याचें प्रमाणपत्र नव्हे.

शिवाय हा रोग एकटा येत नाहीं. रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली म्हणजे रक्तवाहिन्या बिघडतात, हृदयाचे स्नायु ताठर होतात, आणि रक्त पुढें ढकलण्याची त्यांची शक्ति क्षीण होत जाते. अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम गांवीं १९४८ पासून चाललेल्या अभ्यासावरून १९७४ सालीं असें दिसून आलें कीं, हें हृदयदौर्बल्य मधुमेही पुरुषांत दुपटीहून अधिक, तर मधुमेही स्त्रियांत पांचपट आढळतें. आणि आपल्या घरांत सर्वांच्या शेवटीं डॉक्टरांकडे जाणारी व्यक्ति कोण ? माताच ना ?

पालकांस माझी विनंती आहे कीं, मुलांचा सायंकाळचा खेळाचा तास त्यांनीं शिकवणीस देऊन टाकूं नये. परीक्षेंतील चार गुण पुढें भरून काढतां येतील. बालपणीं न घडलेले स्नायु मिळविणें मात्र कठीण. आणि विद्यार्थिमित्रहो, तिशी उलटलेल्या आपल्या आईवडिलांस वर्षांतून एकदां रक्त तपासण्यास घेऊन जा. "मला कांहीं होत नाहीं," असें आई म्हणेल, तरीहि न्याच. आरंभीं हा रोग दुखत नाहीं, हीच त्याची मोठी लबाडी होय.