घरकुल मिळाले, पण दुरुस्तीचे काय?

“एकदा लाभ घेतलाय ना, मग आता परत बसत नाही.” कुंडल परिसरातल्या एका गावात एका आजींचा अर्ज घेऊन गेलो, तेव्हा मिळालेले हे उत्तर. आजींचे घरकुल पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे. स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्यात, भिंतींना लोणा लागलाय, पावसाळ्यात घरात पातेली मांडावी लागतात. कागदावर मात्र त्या ‘पक्क्या घरात’ राहतात. उत्तर देणारा कर्मचारी खोटे बोलत नव्हता. नियमच तसा आहे.

रमाई आवास असो की प्रधानमंत्री आवास, सगळी मोजणी नव्या घरांची होते. किती मंजूर, किती हप्ते गेले, किती पूर्ण. २०१६ पासून सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये ठरले. प्रधानमंत्री आवासच्या दुसऱ्या टप्प्यात राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, तीही नव्या घरांनाच. इतक्या पैशात २६९ चौरस फुटांचे घर उभे करताना गवंडी पहिल्यांदा कशावर हात आखडता घेणार? गिलाव्यावर आणि छताच्या वॉटरप्रूफिंगवर. म्हणजे दुरुस्तीची गरज घराबरोबरच जन्माला येते, आणि तिच्यासाठी योजनेत रकानाच नसतो. त्यात कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात पाण्याच्या अतिवापराने जमिनी क्षारपड झाल्या आहेत. शेताच्या नुकसानीची चर्चा होते, त्यावर परिषदा होतात. तोच ओलावा सखल भागातल्या घरांच्या भिंतींतून वर चढतो, त्याची चर्चा होत नाही. आपल्या वस्त्या गावाच्या कुठल्या टोकाला असतात, हे वाचकांना सांगायला नको.

मग दुरुस्तीचे उद्दिष्ट लिहायचे कुठे? शहरात विकास आराखडा असतो. कुंडलसारख्या मोठ्या गावात ती जागा ग्रामपंचायत विकास आराखड्याची, म्हणजे ‘आमचा गाव, आमचा विकास’ची. वार्षिक आराखड्याबरोबर पाच वर्षांचा आराखडाही करायचा असतो. पंधराव्या वित्त आयोगाचा काळ मार्च २०२६ अखेरचा आणि सोळाव्याचा २०२६-२७ ते २०३०-३१. त्यामुळे येत्या पाच वर्षांत वस्तीसाठी काय मागायचे, हे ठरवण्याची वेळ हीच आहे.

कुंडलचे नाव मुद्दाम घेतो. हे औंध संस्थानातले गाव. त्या संस्थानाने १९३९ मध्ये राज्यघटना करून कारभार ग्रामपंचायतींच्या हाती दिला होता. पुढे क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारचे कुंडल हे मोठे केंद्र झाले. गावाने स्वतः निर्णय घ्यायचे ही इथली जुनी सवय आहे. मात्र ‘गाव’ म्हणजे कोण, हा बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत उभा केलेला प्रश्न अजून जुना झालेला नाही. त्यांचा खेड्यावर विश्वास नव्हता, आणि त्याला कारणे होती. म्हणून आराखडा गावावर सोडून देता येत नाही. वस्तीचा भाग वस्तीनेच लिहून न्यावा लागतो.

कायद्याचा आधार भक्कम आहे. ७३व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत दहावा विषय ग्रामीण गृहनिर्माण, सत्ताविसावा दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचे कल्याण आणि एकोणतिसावा सामुदायिक मालमत्तांची देखभाल. शेवटचा विषय आपण विसरतोच. वस्तीत समाजमंदिर बांधले जाते, फीत कापली जाते, पाच वर्षांत दारे निघतात आणि आत कोणाची तरी वैरण पडते. पुढे तिथेच नव्या सभामंडपाची मागणी होते, तीही अनेकदा आपलीच पोरे करतात. नवे बांधकाम दिसते, त्यावर नाव लागते. गळती काढली तर फलक कशाला लावणार?

पैशाचा प्रश्न येईलच. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. ही रक्कम दर वर्षी किती होती आणि कशावर गेली, हे ग्रामसभेत विचारा. त्यातून घरदुरुस्ती बसते की नाही, याचे उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी घ्या. समाजमंदिराच्या देखभालीची वार्षिक तरतूद वेगळी मागा. जिल्हा परिषदेच्या सेस फंडातला मागासवर्गीयांचा २० टक्के भाग आहे, तिथेही हीच मागणी गेली पाहिजे. सगळ्या घरांना पुरेल एवढा पैसा यातून निघणार नाही, हे मान्य. म्हणून तर क्रम लावायचा: आधी छत पडण्याच्या बेतातली घरे, त्यातही एकटी म्हातारी माणसे आणि अपंग व्यक्ती.

आणखी एक. बरीच घरे अजून आजोबांच्या नावावर आहेत. वारसनोंद नाही, त्यामुळे कर्जही नाही आणि अर्जही नाही. गावठाणाची ड्रोन मोजणी होऊन स्वामित्व योजनेत सनदा मिळताहेत. तिथे आपल्या घराची हद्द आणि नाव बरोबर आहे का, ते पाहून घ्या. चूक राहिली तर ती दुरुस्त करायला स्लॅबपेक्षा जास्त वेळ लागेल.

मुख्य ग्रामसभेआधी वंचित घटकांची सभा घ्यायची असते. बहुतेक ठिकाणी ती फक्त रजिस्टरमध्ये होते. त्याआधी दोन-तीन जणांनी वही घेऊन वस्तीत फिरावे. घर कोणत्या वर्षीचे, कोणत्या योजनेतले, छत कसे, भिंत कशी, नावावर कोण. प्रत्येक घराचा मोबाईलवर फोटो. शेवटी एकच ओळ: २०३०-३१ पर्यंत यातली किती घरे दुरुस्त व्हायला हवीत, आणि पहिल्या वर्षी कोणती. ही यादी अर्जासोबत द्या आणि पोच घ्या. आजींच्या गावात आम्ही यादी करायला घेतली आहे. पहिले नाव त्यांचेच लिहिले आहे.