वसईकरांनो, वाद घालायला एकत्र या

वसई-विरारमधल्या कितीतरी सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक नियम ठळक अक्षरांत असतो: 'राजकीय पोस्ट टाकू नये.' घरच्या ग्रुपवर तो लिहावाही लागत नाही. विरार लोकलमध्ये वर्षानुवर्षं एकाच डब्यात चढणारी मंडळी निवडणुकीचा विषय निघाला की 'जाऊ दे, सकाळी सकाळी नको' म्हणत मोबाइलमध्ये डोकं घालतात. याला आपण समजूतदारपणा म्हणतो. मला ती माघार वाटते, आणि ती इथेच थांबावी म्हणून हे लिहितो आहे.

न बोलल्याने मतभेद मिटत नाहीत. ते साचतात आणि भलत्याच ठिकाणी फुटतात. १९ नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, विरारच्या एका हॉटेलात दोन पक्षांचे कार्यकर्ते समोरासमोर आले. तासन्‌तास चाललेला तो गोंधळ साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिला. कोण चूक आणि कोण बरोबर, याचा निवाडा मला इथे करायचा नाही. माझं दुखणं वेगळं आहे. त्यानंतर माझ्या ओळखीची दोन घरं एकमेकांच्या ओटीवर बसेनाशी झाली. दोन्ही घरांना पाण्याच्या त्याच टँकरची वाट पाहावी लागते, दोन्ही घरांसमोरच्या रस्त्यात तेच खड्डे आहेत.

आपण असे नव्हतो. ज्यांनी आपल्या गावच्या ग्रामसभा पाहिल्या आहेत त्यांनी आठवून पाहावं. शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला सरकवलेली, पुढे टेबल, टेबलावर ग्रामसेवकाचं इतिवृत्ताचं रजिस्टर. विषय बावखलाचा, म्हणजे गावच्या गोड्या पाण्याच्या तळ्याचा. एक गट म्हणायचा, भराव टाकून तिथे समाजमंदिर बांधू. दुसरा म्हणायचा, बावखल बुजवलं तर विहिरी खारट होतील आणि पावसाचं पाणी घरात शिरेल. आवाज चढायचे, जुनी भाऊबंदकी उकरली जायची. पण ठरावाला सूचक लागायचा, अनुमोदक लागायचा, आणि विरोध करणाऱ्याचं नावही त्याच रजिस्टरमध्ये जायचं. मध्येच बोलणं तोडणाऱ्या एका काकांना त्यांच्याच गटातल्या मावशींनी दंडाला धरून खाली बसवलेलं मी पाहिलं आहे. 'त्याचं होऊ दे, मग तू बोल,' एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ते काका आणि त्यांचा विरोधक शेजारशेजारच्या वाड्यांत पाणी सोडत होते, कारण पाट एकच होता. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार लागायचे, म्हणून दोन्ही गटांना एकमेकांना बोलवावंच लागायचं. विरोधकाशिवाय गणपूर्ती होणं कठीण असे.

३ जुलै २००९ ला वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावं मिळून महानगरपालिका झाली. गावांनी तिला कडाडून विरोध केला. २०११ मध्ये २९ गावं वगळण्याचा निर्णय झाला, तो न्यायालयात अडकला, आणि २०२४ मध्ये ती गावं महापालिकेतच ठेवण्यात आली. गावं आत असावीत की बाहेर, यावर आजही घराघरांत दोन मतं आहेत आणि दोन्हींमागे कारणं आहेत. पण या सगळ्यात आपल्या हातची ग्रामसभा गेली, तिच्यासाठी कोणी फारसं हळहळलं नाही. पुढे तर २०२० च्या मध्यावर नगरसेवकांची मुदत संपली आणि थेट १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. साडेपाच वर्षं या शहरात प्रशासकाचा कारभार होता. गावात सभा नाही आणि महापालिकेच्या सभागृहात लोकांनी निवडून दिलेलं कोणी नाही. इतक्या वर्षांत समोरासमोर वाद घालायची सवय मोडली नसती तरच नवल.

ती सवय पुन्हा लावण्याची सोय कायद्यात आहे. महानगरपालिकांच्या कायद्यात २००९ मध्येच दुरुस्ती होऊन क्षेत्रसभेची तरतूद झाली. मतदान केंद्रांप्रमाणे प्रभागाचे भाग पाडायचे, त्या भागातला प्रत्येक मतदार सभेचा सदस्य, आणि लोकांनी आपल्या गरजा, आपलं म्हणणं नगरसेवकासमोर मांडायचं. ज्या वर्षी आपली ग्रामसभा गेली त्याच वर्षी तिच्या जागी काही मिळायला हवं होतं. ते कागदावर राहिलं, कारण आपण मागितलं नाही. आता ११५ नगरसेवक निवडून आले आहेत. मागायची वेळ हीच आहे.

आणि हे मागायला वसईइतकी योग्य जागा दुसरी नाही. सोपाऱ्याला १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला मिळाला. त्यावरून अभ्यासक मानतात की एके काळी चौदाही लेख इथे होते. गिरनारसारख्या ठिकाणी टिकून राहिलेल्या बाराव्या लेखात राजा सांगतो, की आपल्या पंथाची उगाच थोरवी गाऊ नका, दुसऱ्याची उगाच निंदा करू नका. जिभेला आवर घाला आणि एकमेकांचं ऐका. तो हुकूम बहुधा आपल्याच बंदरात, देशोदेशींच्या व्यापाऱ्यांसमोर उभा होता. आजचं नालासोपारा तितकंच सरमिसळीचं आहे.

हाच वारसा आपल्या काळात जगलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईतल्या नंदाखालचे. हरित वसईच्या लढ्यात त्यांनी बलाढ्य लोकांशी उघड वैर पत्करलं. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा ते ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून विरोध झाला, धमक्या आल्या. तरीही आजारी शरीराने ते जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला गेले आणि व्यासपीठावरून बोलले. जुलै २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्याशी टोकाचे मतभेद असलेले वसईकरही आहेत, आणि असायला हरकत नाही. पण धमकीला भाषणाने उत्तर देणारा हा माणूस आपल्या मातीतला होता, हे त्यांनीही मान्य करावं.

आदर म्हणजे गुळमुळीत बोलायचं, असं कोणी समजू नये. आपल्याकडे शास्त्रार्थाची जुनी शिस्त आहे: आधी पूर्वपक्ष सांगायचा, तोही असा की समोरच्याने 'हो, माझं म्हणणं हेच' असं कबूल करावं, मग हवं तितकं खंडन करावं. डहाणूजवळ होणाऱ्या वाढवण बंदराला विरोध करणाऱ्या अर्नाळ्याच्या मच्छीमाराने आधी सांगावं, की नोकरीच्या आशेने त्या बंदराकडे पाहणाऱ्या पोराला काय हवं आहे. त्या पोरानेही मासेमारीचं क्षेत्र गेल्यावर नौका कुठे न्यायच्या हा प्रश्न आपल्या तोंडाने मांडून दाखवावा. हे करताना दोघांचीही मतं बदलली नाहीत तरी चालेल. जात, धर्म किंवा भाषा काढून कोणी बोलू लागला, तर सभेच्या अध्यक्षाने त्याला तिथेच थांबवावं, मग तो आपल्या पक्षाचा का असेना.

तेव्हा वसईकरांनो, नगरसेवकाकडे क्षेत्रसभेची लेखी मागणी करा. उत्तर येईपर्यंत हातावर हात धरून बसू नका. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या तारखा आपल्या अंगवळणी पडल्या आहेत. त्यांतली जी आधी येईल त्या दिवशी सोसायटीच्या आवारात, शाळेत, चर्चच्या किंवा देवळाच्या सभागृहात स्वतः सभा भरवा. विषय एकच ठेवा: पाणी, कचरा, बावखल, काहीही. बोलणाऱ्यांची नावं आणि म्हणणं वहीत उतरवा, विरोधाची नोंद आधी करा. मागणीच्या अर्जावर मात्र पहिली सही तुमची आणि दुसरी सही गेल्या निवडणुकीत तुमच्या विरुद्ध मत दिलेल्या शेजाऱ्याची असू द्या. ती मिळत नाही तोवर अर्ज देऊ नका. आजच त्याच्या दारी जा.