साप पाळायचाय? आधी कायदा, मग पेटी

श्रीरामपूर परिसरात ऊसतोड सुरू झाली की उघड्या पडलेल्या फडातले साप वस्तीकडे सरकतात. धामण बिनविषारी, मग घरी ठेवली तर काय बिघडले, असे एखाद्या हौशी तरुणाला वाटते. पण नाग-घोणसाप्रमाणेच धामण आणि अजगरही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहेत. त्यांना पकडून पाळणे हा गुन्हाच.

राहिले परदेशी साप. आफ्रिकेतला बॉल पायथन शांत स्वभावामुळे नवशिक्यांत लोकप्रिय आहे. मात्र तो ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतो. कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार अशा प्राण्याची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. नुसत्या विक्रेत्याच्या पावतीवर भागत नाही. शिवाय हा साप वीस वर्षांहून अधिक जगू शकतो.

सापाचे शरीर स्वतः उष्णता तयार करून टिकवत नाही. म्हणून पेटीची एक बाजू सुमारे ३२ अंश, तर दुसरी २६ अंशांच्या आसपास हवी. आपल्याकडच्या मे महिन्यात खिडकीजवळची काचेची पेटी म्हणजे भट्टीच. झाकणाला कडी हवी.

निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतूनही साल्मोनेला जिवाणू पसरतात. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्धांना त्याचा धोका अधिक. त्यामुळे पेटी स्वयंपाकघरात ठेवू नये, तिथल्या मोरीत धुऊ नये. साप हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

आणि रानातला साप घरात आलाच, तर हात न लावता वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवावे.