सही कोणाची?

बँकेत चौतीस वर्षे काढली. खातेदाराच्या सहीवाचून पैसाही हलवायचा नाही, ही शिस्त अंगात मुरलेली. सही जुळली नाही म्हणून शेजाऱ्याचा चेकही मी परत केला आहे. असा मी, 2006 साली पत्नीच्या शरीराचा निर्णय मात्र तिला न विचारताच घेऊन मोकळा झालो.

तिच्या स्तनात सुपारीएवढी गाठ निघाली. कर्करोग, पण सुरुवातीचा. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले : संपूर्ण स्तन काढणे, किंवा गाठ व भोवतीचा थोडा भाग काढून नंतर किरणोपचार घेणे. तिने तोंड उघडण्याआधीच मी म्हणालो, ‘‘काढूनच टाका. मागे कटकट नको.’’ माझ्या बहिणीने री ओढली, ‘‘आता या वयात काय करायचंय?’’ फॉर्मवर मी बोट ठेवले तिथे पत्नीने सही केली.

ती आज ठणठणीत आहे. पण काही महिन्यांनी कपाट आवरताना ती एवढेच म्हणाली, ‘‘साडीचा रंगसुद्धा मला विचारून घेता. हे नाही विचारलंत.’’

जितके जास्त कापावे तितका जीव सुरक्षित, ही माझी समजूत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हॉलस्टेड यांनी स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. जगभरचे डॉक्टर दीर्घकाळ तीच करत आले. 1973 पासून इटलीत मिलानला डॉ. वेरोनेसी यांनी, दोन सेंटीमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या 701 स्त्रियांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. वीस वर्षांचा हिशेब 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. स्तन राखलेल्या 352 जणींपैकी 30 जणींना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली. संपूर्ण काढलेल्या 349 जणींपैकी आठ जणींना त्याच जागी रोग उलटला. पण जगण्याचे प्रमाण दोन्हींकडे सारखेच राहिले. आपल्या परळच्या टाटा रुग्णालयातही 1980 पासून ही पद्धत वापरली गेली. तिथे 2000 पर्यंत असे उपचार घेतलेल्या 1,022 स्त्रियांचा अभ्यास डॉ. केतायुन दिनशॉ व सहकाऱ्यांनी 2005 मध्ये मांडला. म्हणजे मी बोट ठेवले त्याआधीच ही सारी माहिती उपलब्ध होती. मी विचारली नाही.

हा मार्ग सर्वांसाठी नाही. गाठ स्तनाच्या मानाने फार मोठी असेल, किंवा रोग अनेक जागी पसरला असेल, तर डॉक्टर संपूर्ण स्तन काढण्याचाच सल्ला देऊ शकतात. काही वेळा आधी औषधांनी गाठ लहान करता येते.

गेल्या वर्षी घाटकोपरहून भाचेजावयाचा फोन आला. भाचीला तेच निदान. ‘‘मामा, काय करू?’’ मी विचारले, ‘‘तिला विचारलंस?’’ पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्याने फोन तिच्याच हाती दिला.

तिचा प्रश्न साधा होता : ‘‘किरणोपचाराला रोज परळला जायचं. मुलांचा डबा कोण करणार?’’ पूर्वी पाच-सहा आठवडे लागत. आता पुष्कळदा तीन आठवड्यांत भागते. तरी आठवड्याचे पाच दिवस लोकलचा प्रवास आलाच. घरच्यांनी आपला वाटा उचलायचा तो इथे. डबा जावयाने केला, सोबतीला माझी पत्नी गेली.

भाचीने स्तन राखला. माहिती घेऊन तिने काढायचे ठरवले असते, तरी ते तितकेच योग्य ठरले असते. फॉर्म पुढे येईल तेव्हा आपण पुरुषांनी बोट जरा आवरावे, आणि तिला तो सावकाश वाचू द्यावा.