गाडीची सुधारित आवृत्ती

मालाड पश्चिमेला मीठ चौकीचा सिग्नल संध्याकाळच्या वेळी सहजासहजी सुटत नाही. परवा तिथे आमची रिक्षा अडकली, तेव्हा पुढे दोन लांबलचक पांढऱ्या मर्सिडीझ शेजारीशेजारी उभ्या होत्या. दोन्ही ई-क्लास, दोन्ही पुणे जिल्ह्यातल्या चाकणच्या कारखान्यात जुळवल्या जाणाऱ्या मालिकेतल्या. रिक्षावाल्याने डावीकडे हनुवटीने खूण केली आणि म्हणाला, "ती जुनी झाली. नवीचे मागचे दिवे डिकीवर येतात." आम्ही निरखून पाहिले. त्याचे म्हणणे खरे होते. डावीचे दिवे बाजूच्या पत्र्यावरच थांबले होते, उजवीचे दोन भागांत विभागून डिकीच्या झाकणावर पसरले होते. दारे, छत, काचा यांत तिळमात्र फरक नव्हता.

ही गाडी २०१७ मध्ये भारतात आली आणि २०२१ मध्ये तिला हे नवे रूप मिळाले. मोटारउद्योग अशा मध्यावधी बदलाला 'फेसलिफ्ट' म्हणतो. मराठीत त्यासाठी रुळलेला शब्द नाही. 'कायापालट' म्हणावे, तर काया तीच राहते. 'रंगसफेदी' म्हणावे, तर काही वेळा अन्याय होतो. आमच्या मते नेमका शब्द आपल्याच व्यवहारात आहे: 'सुधारित आवृत्ती'. आणि हा शब्द स्वीकारला, की त्यासोबत येणारी कसोटीही स्वीकारावी लागते.

आधी या बदलाचे अर्थकारण पाहू. गाडीची एक पिढी साधारणपणे सात वर्षे चालते. दारे आणि छप्पर यांचा पत्रा ज्या साच्यांत दाबून घडवतात, ते साचे फार महाग असतात, म्हणून मध्येच त्यांना सहसा कोणी हात लावत नाही. बंपर, पुढची जाळी, दिवे आणि आतले पडदे मात्र त्या मानाने स्वस्तात बदलता येतात. मजकुराची जुळणी तशीच ठेवून मुखपृष्ठ आणि प्रस्तावना नवी करावी, तसाच हा प्रकार. यामागचा विचारही जुना आहे. १९२० च्या दशकात जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांनी दरवर्षी रूप बदलण्याची रीत रुजवली आणि १९२७ मध्ये हार्ली अर्ल यांच्या हाती त्यासाठी स्वतंत्र विभाग दिला. उद्देश उघड होता. गाडी बिघडण्याची वाट न पाहता मालकाच्या मनात ती जुनी करायची.

म्हणजे सगळेच मध्यावधी बदल फसवे ठरतात काय? तसे आम्हांस वाटत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये आली. आज आपण 'मोल्सवर्थ' म्हणतो, तेव्हा बहुधा ती दुसरीच आवृत्ती आपल्या मनात असते. तिने पहिलीला नुसते जुने ठरवले नाही, तिने पहिलीचे काम अधिक चांगले केले. सुधारणा आणि सजावट यांतला भेद इथे स्पष्ट होतो.

महाराष्ट्रातल्या मोटारींकडे या कसोटीने पाहता येते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट ११०० चैनीची म्हणून घडवलेली नव्हती, पण परवान्याच्या काळात मोटार बाळगणे हीच चैन होती. ती आधी 'डिलाइट', मग 'प्रेसिडेंट' आणि १९७० च्या दशकातच 'पद्मिनी' झाली. नाव बदलले, आतला ग्रंथ जवळजवळ तोच राहिला. याला पुनर्मुद्रणच म्हणायला हवे. मुंबईच्या टॅक्सीचे हे पुनर्मुद्रण ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरले.

१९९५ मध्ये टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात पहिली ई-क्लास जुळवली गेली, ती मुळात १९८४ च्या गाडीची १९९३ मध्ये सुधारलेली आवृत्ती होती. त्या सुधारणेत जाळी बॉनेटमध्ये सामावली, चांदणी जाळीवरून बॉनेटवर गेली आणि नारिंगी इंडिकेटर पारदर्शक झाले. मूळ आकृती ज्याला नीट समजली होती अशा संपादकाचे हे काम. आपल्याकडे ती नवी म्हणून दाखल झाली, त्याच वर्षी युरोपात तिची वारसदार बाजारात आली होती. 

याउलट २०१३ चा बदल. १९९५ पासून पुढचे चार स्वतंत्र दिवे ही ई-क्लासची ओळख होती. त्या वर्षी प्रत्येक बाजूची जोडी एकाच काचेखाली घातली गेली. मागच्या चाकावरचा, कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या गाड्यांची आठवण म्हणून दिलेला फुगीर उठावही सपाट केला गेला. म्हणजे साच्यांचा खर्च करूनही बदल झाला, तो स्वतःचेच विधान मागे घेण्यासाठी. गाडी देखणी झाली असेल, पण २००९ मध्ये केलेले विधान चूक होते की केवळ शिळे झाले होते, हे मात्र तिने सांगितले नाही. सुधारित आवृत्तीने निदान तेवढे तरी सांगावे, अशी आमची अपेक्षा आहे.

श्रीमंतांच्या गाड्यांशी साहित्याच्या विद्यार्थ्याचे काय देणेघेणे, असे कोणी विचारील. देणेघेणे आहे ते 'जुनी' या शब्दाशी. वर्गात 'मागची आवृत्ती चालणार नाही' असे ऐकून नवे पाठ्यपुस्तक घेणाऱ्या, आणि घरी येऊन त्यात फक्त पृष्ठक्रमांक बदललेले पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हा शब्द किती महाग पडतो, हे आपण शिक्षकांनी तरी विसरू नये. पदपथावरून अर्ध्या किमतीत घेतलेले पुस्तक त्या एका वाक्याने रद्दी होते. तो निवाडा देण्यापूर्वी दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचण्याचे कष्ट आपल्यापैकी कितीजण घेतात?

मीठ चौकीच्या त्या रिक्षावाल्याने निदान पुरावा दिला होता. दिवे कुठवर येतात, हे त्याने पाहिले होते. त्याच्या निष्कर्षाशी आम्ही सहमत नाही. चार-पाच वर्षांची, तेच छत आणि तीच दारे असलेली गाडी केवळ दिव्यांमुळे जुनी होत नाही. पण त्याची पद्धत आम्हांस मान्य आहे. आवृत्ती बदलली म्हणजे नेमके काय बदलले, हे आधी पाहावे. जुने-नवे मग ठरवावे.