वायरिंग डायग्रॅम नसलेला मेंदू

रूमवर केळी दोन दिवस राहिली की त्यावर जी बारीक चिलटं जमतात, ती बहुतेक वेळा ड्रोसोफिला असतात. (आंब्याच्या बागायतदारांना रडवणारी फळमाशी वेगळी, घोटाळा नको.) आपल्या सर्किट ब्रँचवाल्यांना बायॉलॉजी म्हणजे बारावीला सोडून दिलेला विषय वाटतो. माझं मत उलटं आहे. वायरिंग या बाबतीत या चिलटानं आपले कान धरावेत.

आधी प्रॉब्लेम बघा. माशीचा एक डोळा म्हणजे सुमारे ७५० छोटे डोळे. प्रत्येकात प्रकाश टिपणाऱ्या आठ पेशी, आर-१ ते आर-८, आणि प्रत्येकीचा एक तंतू मेंदूकडे निघालेला. पहिले सहा तंतू लॅमिना या पहिल्या थरात थांबतात, उरलेले दोन पुढे मेड्युलात जातात. इथवर ठीक. पण एकाच छोट्या डोळ्यातल्या त्या सहा पेशी सहा वेगवेगळ्या दिशांना बघतात! बाहेरचा एकच बिंदू पाहणाऱ्या सहा पेशी सहा शेजारी डोळ्यांत विखुरलेल्या असतात. म्हणून लॅमिनात पोचल्यावर सहा तंतूंची जुडी सुटते, प्रत्येक जण वेगळ्या घरात जातो आणि तिथे एकच बिंदू पाहणारे सहा जण भेटतात. एका डोळ्यामागे साडेचार हजार वायर, आणि वायरमन कोणी नाही.

आपण असतो तर प्रत्येक वायरला नंबर दिला असता. रॉजर स्पेरी यांचा विचार साधारण असाच होता. त्यांनी १९४० च्या दशकात बेडकाची दृष्टीची नस कापून डोळा उलटा फिरवला. तंतू पुन्हा वाढले ते जुन्याच जागी, आणि बेडूक वरच्या भक्ष्यासाठी खाली झेपावू लागला. तंतू रासायनिक खुणा ओळखतात, असं त्यांनी १९६३ मध्ये मांडलं. खुणा असतात हे खरंच आहे. पण प्रत्येक वायरला स्वतंत्र पत्ता? माशीत प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण १४ हजार. २००० मध्ये डीस्कॅम नावाच्या एकाच जनुकापासून ३८,०१६ प्रकारची प्रथिनं बनू शकतात असं कळलं, तेव्हा वाटलं, सापडले नंबर! पुढे दिसलं की त्यांचा मोठा उपयोग ‘ही माझीच फांदी आहे, हिच्यापासून लांब राहा’ एवढं ओळखायला होतो.

मग काम चालतं कसं? माझ्या मते खरी करामत वेळेत आहे. डोळा एकदम तयार होत नाही, मागून पुढे लाटेसारखा घडत जातो. त्यामुळे तंतूही रांगेनं येतात. प्रत्येक जुडीत आर-८ आधी निघतो, बाकीचे त्याच्या मागोमाग. आणि लॅमिनातल्या पेशी आधीपासून वाट पाहत बसलेल्या नसतात! येणारा तंतू स्वतःबरोबर हेजहॉग नावाचं प्रथिन आणतो, त्यानं तिथल्या मूळ पेशी विभागू लागतात. म्हणजे पाहुण्यानं येतानाच यजमान घडवायचा. पुढे कोशावस्थेत जुडी सुटते, तेव्हा कुणी कुठल्या दिशेला जायचं हे जुडीतल्या शेजाऱ्यांवरही ठरतं. क्लँडिनिन आणि झिपर्स्की यांनी २००० मध्ये दाखवलं, की ठराविक शेजारी काढून टाकले तर उरलेल्यांचा रस्ता चुकतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रौढ माशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला: १,३९,२५५ चेतापेशी, पाच कोटींहून जास्त जोडण्या. काम अफाट आहे, वादच नाही. पण ‘आता मेंदूचं डिझाइन हातात आलं’ असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही. तो तयार बिल्डिंगचा फोटो झाला. आधी काय घडतं, कोण कुणासाठी थांबतं, हे त्यात कुठे दिसतं?

म्हणूनच दरवर्षी फायनल इयरच्या प्रोजेक्टवर ‘मेंदूसारखं काम करणारं न्यूरल नेटवर्क’ असं छापलेलं पाहून हसू येतं. आपल्या नेटवर्कमध्ये सगळी कनेक्शन्स पहिल्या दिवशीच जोडलेली, शिकायचे फक्त आकडे. एखाद्या ग्रुपनं या वर्षी एवढंच करून बघावं: सहा-सहा तंतूंच्या शंभर जुड्या घ्या, एकालाही पत्ता देऊ नका, फक्त शेजाऱ्यांचे नियम आणि यायचा क्रम द्या. मग क्रम उलटा करा आणि काय होतं ते बघा. साधा पीसी पुरेल. गाईड मिळणं मात्र अवघड, कारण सर पहिल्यांदा विचारणार, “अॅप्लिकेशन काय?”